न भेटलेल्या नटांची एकांकिका

सुझन ग्लॅस्पेल यांच्या ‘ट्रायफल्स’ या एकांकिकेतली सर्वांत मोठी गोष्ट कुणी बोलून दाखवत नाही. शेतावरच्या एकाकी घरात नवऱ्याचा खून झाला आहे. बायको, मिनी राइट, तुरुंगात आहे. शेरीफ आणि सरकारी वकील पुराव्यासाठी घर धुंडाळत आहेत आणि त्यांच्यासोबत आलेल्या दोन बायका खाली स्वयंपाकघरात बसल्या आहेत. अर्धवट शिवलेल्या गोधडीच्या सामानात त्यांना एक पेटी सापडते. पेटीत मान मुरगळलेला पाळीव पक्षी. काय घडले असेल ते दोघींनाही कळते, आणि पुरुष खोलीत येतात तेव्हा त्यांतली एक ती पेटी आपल्या कोटाच्या खिशात घालते. ‘आपण हे लपवू या’ असे दोघींपैकी एकीच्याही तोंडी नाही. ग्लॅस्पेल यांनी वार्ताहर म्हणून आयोवातल्या अशाच एका खटल्याच्या बातम्या दिल्या होत्या. १९१६ साली मॅसॅच्युसेट्समधल्या प्रॉव्हिन्सटाउनला या एकांकिकेचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा त्या दोन बायकांपैकी मिसेस हेलची भूमिका त्यांनी स्वतःच केली.

रंगमंचावर तो खिशात जाणारा हात दिसतो. नुसत्या आवाजाच्या नाटकात तो दाखवायचा कसा?

‘लिब्रीवॉक्स’च्या स्वयंसेवकांनी यावर अगदी साधा उपाय काढला आहे. ते रंगसूचनाही वाचतात. पात्रांच्या यादीत शेरीफ, वकील, दोन बायका यांच्या जोडीला निवेदक ही एक स्वतंत्र भूमिका असते आणि कुणीतरी ती मागून घेते. मला ही भूमिका सर्वांत अवघड वाटते. कंसात छापलेला मजकूर फार रंगवून वाचला तर तो पात्रांवर कुरघोडी करतो, कोरडा वाचला तर तो हात खिशात गेल्याचे कुणाला जाणवतही नाही. चांगला निवेदक आवाज खाली ठेवतो, घाई करत नाही आणि क्रियापदावर किंचित थांबतो.

लिब्रीवॉक्स ही चळवळ माँट्रियलच्या ह्यू मॅग्वायर यांनी ऑगस्ट २००५ मध्ये सुरू केली. स्वामित्वहक्काची मुदत संपलेली पुस्तके लोकांनी आपापल्या घरी मोठ्याने वाचायची, ध्वनिमुद्रित करायची आणि कुणालाही फुकट ऐकता येतील अशी ठेवून द्यायची, एवढीच कल्पना. पहिले पुस्तक होते जोसेफ कॉनरॅड यांची ‘द सीक्रेट एजंट’ ही कादंबरी, आणि तीही प्रकरणे वाटून घेऊन अनेकांनी मिळून वाचलेली. तेव्हापासून हजारो पुस्तकांची भर पडली आहे. वाचणाऱ्याला मानधन नाही, ऐकणाऱ्याला शुल्क नाही. वाचकाची निवडचाचणीही होत नाही. नव्या माणसाकडून एक मिनिटाचा नमुना मागवतात, तोही आवाज गोड आहे का हे पाहायला नव्हे, माईक आणि आवाजाची पातळी ठीक आहे ना हे तपासायला.

कादंबरी एकट्याने वाचता येते. नाटकाला माणसे लागतात, म्हणून नाटकाचे काम मुळातच सामूहिक. त्यातही एकांकिकांना येथे खास जागा आहे. छोट्या छोट्या एकांकिका जमवून त्यांचे क्रमांक दिलेले संच करतात. पाच अंकी नाटकातली मोठी भूमिका अंगावर घ्यायची म्हणजे आठवड्यांचे काम. एकांकिकेतल्या मोलकरणीची चार वाक्ये नवखा माणूस एका संध्याकाळी बोलून मोकळा होतो. आपल्याकडे हौशी रंगभूमीवर पहिल्यांदा उभा राहणारा मुलगा बहुधा शिपाई नाहीतर टपालवाला होऊनच येतो. तीच वाट येथेही आहे.

संयोजक संहिता निवडतो, पात्रांची यादी लावतो, आणि जो आधी मागेल त्याला भूमिका मिळते. भूमिका घेणारे वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या वेळापत्रकांत असतात. तालीम नाही, एकत्र वाचन नाही, बहुतेकांची एकमेकांशी भेटही नाही. प्रत्येकाने आपल्या पात्राची सगळी वाक्ये एका फाइलमध्ये एकामागून एक बोलायची आणि दोन वाक्यांमध्ये काही सेकंद शांत राहायचे, म्हणजे पुढे कापायला सोपे. आरंभी पात्राचे नाव आणि आपले नाव सांगायचे. ते तुकडे जोडून श्रेयनामावली तयार होते. ‘सर्वजण’ असे छापलेले वाक्य असले तर ते अनेकांनी आपापल्या परीने म्हणायचे, आणि ते आवाज एकावर एक ठेवून जमाव उभा राहतो.

नटाला कुणीही पहिल्या दिवशी सांगतो की समोरच्याचे ऐक. येथे समोर कुणी नाही. चेकॉव्ह यांची ‘अस्वल’ ही एकांकिका घ्या. कर्ज वसूल करायला आलेला जमीनदार स्मिर्नोव्ह आणि शोकात घर बंद करून बसलेली तरुण विधवा पोपोव्हा यांचे भांडण चढत चढत पिस्तुलांच्या द्वंद्वापर्यंत जाते आणि तिथून थेट लग्नाच्या मागणीला पोचते. सगळी गंमत त्या चढण्यात आहे. पोपोव्हाने आपली वाक्ये थंड, टोचऱ्या स्वरात बोलून पाठवली आणि दुसऱ्या खंडातला स्मिर्नोव्ह पहिल्या वाक्यापासून किंचाळत असला तर भांडण लागतच नाही. दोन माणसे शेजारच्या खोल्यांत आपापल्या फोनवर बोलत आहेत असे ऐकू येते. म्हणून जाणते वाचक जोडीदाराची फाइल आधी आली असेल तर ती ऐकून मग बसतात. आली नसेल तर त्याचे वाक्य स्वतःच मोठ्याने म्हणतात, त्याला उत्तर देतात आणि नंतर ते वाक्य कापून टाकतात. स्वतःच विचारायचे, स्वतःच चिडायचे आणि त्यातली एकच बाजू ठेवायची. या एकांतात वाचिक अभिनयाची जी कसोटी लागते ती मला फार मोलाची वाटते. चेहरा नाही, हात नाहीत, प्रेक्षागृहातला श्वास नाही. समोरचा माणूस केवळ शब्दांतून उभा करायचा आहे.

मग सगळ्या फाइली संकलकाकडे येतात, आणि माझ्या मते एकांकिका खऱ्या अर्थाने येथे घडते. ऑडॅसिटी या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक पात्राची एक पट्टी. संहिता समोर ठेवून तो एकेक वाक्य उचलून जागेवर बसवतो. एकाच्या खोलीत पंख्याची घरघर आहे, दुसऱ्याचा आवाज रिकाम्या भिंतींवरून परत येतो आहे, तिसरा माईकच्या इतका जवळ आहे की प फ ब भ म्हणताना फुंकर बसते. हे सगळे एका घरात बसले आहेत असे वाटायला हवे. आवाजाची पातळी साधारण ८९ डेसिबलला आणायची, अंतिम फाइल १२८ किलोबिटची, ४४.१ किलोहर्ट्झची, मोनो एमपी३. हे तांत्रिक काम चिकाटीचे आहे, पण ते शिकता येते.

अवघड आहे ते मधल्या जागेचे काम. भांडणात वाक्यावर वाक्य चढले पाहिजे, म्हणजे पहिल्याचा शेवटचा शब्द हवेत असतानाच दुसरा सुरू व्हायला हवा; दोघे कधीच एकत्र बोललेले नसताना हा हिशेब संकलकाने करायचा. उलट ‘ट्रायफल्स’मध्ये पेटी उघडल्यावर दोघींनी किती वेळ गप्प राहायचे? अर्धा सेकंद ठेवला तर त्यांना काही समजलेच नाही असे वाटते. चार सेकंद ठेवले तर ऐकणाऱ्याला फाइल बंद पडली असे वाटते. तेवढ्यात तिच्या डोळ्यांकडे बघा, असे म्हणायची सोय आवाजाच्या नाटकात नाही. तो पॉझ ना नटीने घेतला, ना लेखिकेने मोजून दिला. तो संकलकाने कानाने ठरवला. रंगमंचावर दिग्दर्शक प्रयोगाच्या आधी काम करतो. येथे अभिनय उरकल्यावर दिग्दर्शन सुरू होते, आणि तेही बहुधा एका शब्दाची सूचना न देता. मिळालेल्या आवाजांतूनच अर्थ काढायचा असतो.

जोडलेली एकांकिका मग पडताळणीला जाते. एक स्वयंसेवक संहिता उघडून ती पुरती ऐकतो: वाक्य गळले का, दोनदा आले का, मध्ये खाकरणे राहिले का. चूक कोणत्या मिनिटाला, कोणत्या सेकंदाला आहे हे लिहून कळवले जाते, त्या वाचकाने तेवढेच वाक्य पुन्हा म्हणून पाठवायचे. अभिनय कसा झाला यावर मात्र पडताळणारा बोलत नाही. ती या संस्थेची ठरवून घेतलेली शिस्त आहे. झालेले काम शेवटी ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर ठेवले जाते आणि ते ध्वनिमुद्रणही सार्वजनिक मालकीचे होते: शिक्षकाने वर्गात वाजवावे, कुणी चित्रपटात वापरावे, कुणी विकावे, परवानगी लागत नाही.

या शिस्तीमुळे काही वाचने सपाट राहतात, हे मान्य करायला हवे. जॉन मिलिंग्टन सिंग यांच्या ‘रायडर्स टू द सी’ची भाषा आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बेटांची आहे. सिंग अरन बेटांवर राहून ती ऐकून आले होते आणि १९०४ साली ही एकांकिका डब्लिनमध्ये आली. समुद्राने एकेक करून सगळे मुलगे नेलेली मोरिया, मोज्यातल्या सुटलेल्या टाक्यांवरून भावाची ओळख पटवणारी नोरा, त्यांची वाक्ये समुद्राच्या लयीतच चालतात. ती लय अमेरिकी किंवा आणखी कुठल्या हेलात आली की कानाला लागते. तरीही मी या मोकळ्या दाराच्या बाजूने आहे. निवडचाचणी लावली असती तर चार निष्णात आवाजांनी फार तर चाळीस प्रसिद्ध नाटके वाचली असती. १९२० च्या ‘फिफ्टी कंटेम्पररी वन-अ‍ॅक्ट प्लेज’सारख्या जाडजूड संग्रहांत अशा कितीतरी एकांकिका आहेत ज्यांची नावेही आज कुणी घेत नाही. अमेरिकेत तेव्हा छोट्या हौशी नाट्यगृहांची लाट होती, त्यांना एका संध्याकाळी तीन-चार लहान नाटके लागत, म्हणून त्या लिहिल्या गेल्या. लाट ओसरली, पाने राहिली. अशा नाटकाला पुन्हा कुणाच्या तरी तोंडून निघायला मिळणे, मग तो हेल कुठलाही असो, हे मला निर्दोष उच्चारांपेक्षा मोठे वाटते.

या संग्रहांवरच भर असण्याचे कारण कायद्यात आहे. लिब्रीवॉक्स अमेरिकेच्या कायद्याने चालते आणि तिथे जुन्या छापील साहित्याचा हक्क प्रकाशनापासून ९५ वर्षे टिकतो. १९९८ च्या मुदतवाढीमुळे वीस वर्षे नवे काहीच मोकळे झाले नाही. १ जानेवारी २०१९ ला १९२३ सालचे साहित्य खुले झाले आणि तेव्हापासून दर नव्या वर्षाला एकेका सालाचे कपाट उघडते. भाषांतराचा हक्क वेगळा धरतात. चेकॉव्ह १९०४ साली गेले, पण त्यांची एकांकिका इंग्रजीत वाचायची तर भाषांतरही जुनेच शोधावे लागते, जसे १९१८ साली वारलेल्या ज्युलियस वेस्ट यांचे.

आपल्याकडे गणित निराळे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. आधी ती मुदत ५० वर्षे होती. रवींद्रनाथांच्या साहित्याचा हक्क संपण्याच्या सुमारास, १९९२ मध्ये, ती वाढवली गेली. देवल, गडकरी, श्रीपाद कृष्ण कोल्हटकर या हिशेबाने केव्हाच मोकळे झाले आहेत. आकाशवाणीच्या श्रुतिकांवर वाढलेल्या मराठी कानाला आवाजाचे नाटक नवे नाही, फक्त त्या श्रुतिकांचे नट एका स्टुडिओत, एकमेकांच्या डोळ्यांत बघत उभे असत.

घरी एकट्याने बसून बोलायच्या या पद्धतीला मराठीतला एक प्रकार मात्र जणू बेतून दिल्यासारखा बसतो: दिवाकरांची नाट्यछटा. शंकर काशीनाथ गर्गे, म्हणजे दिवाकर, १९११ पासून नाट्यछटा लिहू लागले आणि १९३१ साली गेले. ब्राउनिंगच्या नाट्यात्म एकभाषितांची प्रेरणा घेऊन त्यांनी मराठीत रुजवलेल्या या प्रकारात एकच माणूस बोलतो. समोरचे काय म्हणाले ते त्याच्या उत्तरांतून, अडखळण्यातून, मध्येच बदललेल्या स्वरातून कळते. म्हणजे गैरहजर जोडीदार लेखकाने आधीच संहितेत बसवला आहे, संकलकाला तो जोडायचा नाही. शाळांच्या नाट्यछटा स्पर्धांमुळे हा प्रकार बोलून पाहिलेली माणसे महाराष्ट्रात घरोघरी आहेत.

भारतीय कायद्याने या नाट्यछटा मोकळ्या आहेत. लिब्रीवॉक्सच्या यादीत घालायच्या तर मात्र प्रत्येकीचे प्रथम प्रकाशनाचे साल लागेल, आणि ते संग्रहाच्या आवृत्तीवरचे चालणार नाही. नाट्यछटा आधी नियतकालिकात आली असेल तर तो अंक शोधावा लागेल. पुण्या-मुंबईच्या जुन्या ग्रंथसंग्रहालयांत असे अंक बांधून ठेवलेले आहेत. मराठी विकिस्रोतावर जुनी पुस्तके टंकित करणारे स्वयंसेवकही आहेत. कुणीतरी सालांची यादी करायला बसले की पहिली भूमिका वाटायला घेता येईल.