पाणी ओसरल्यावर घर कसं उभं राहतं

२९ ऑगस्ट २००५ला कतरिना हे हरिकेन लुइझियानाच्या किनाऱ्यावर धडकलं. न्यू ऑर्लिन्समध्ये वाऱ्याने जेवढं मोडलं, त्याच्या कितीतरी पट नुकसान कालव्यांच्या फुटलेल्या भिंतींनी केलं. शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. महिनाभर आधीच, २६ जुलैला, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. पण मुंबईचं पाणी काही दिवसांत उतरलं. न्यू ऑर्लिन्स बशीसारखं आहे, जवळपास निम्मं समुद्रसपाटीच्या खाली. तिथलं पाणी पंपांनी उपसून संपायला ११ ऑक्टोबर उजाडला. शिवाय घरं लाकडी सांगाड्याची. वीटबांधकामाचं घर पुरानंतर धुऊन काढता येतं, लाकडी घर आठवडेच्या आठवडे भिजलं की आतून कुजायला लागतं. स्वयंसेवी संस्थांना तिथे वर्षानुवर्षं जे काम पुरलं, ते मुख्यतः या कुजलेल्या घरांचं होतं.

सुरुवातीच्या दिवसांतलं काम आपल्याला बातम्यांमुळे ओळखीचं असतं: बोटी, छावण्या, जेवण. त्यातही एक विभागणी असते आणि ती बाहेरून दिसत नाही. जेवणाच्या गाडीवर रेड क्रॉसचं चिन्ह असतं, पण आतलं गरम जेवण बऱ्याचदा सदर्न बॅप्टिस्ट चर्चच्या फिरत्या मुदपाकखान्यात शिजलेलं असतं. तिथे राबणाऱ्यांत निवृत्त मंडळी पुष्कळ. अॅडव्हेंटिस्ट पंथाचे लोक देणगीच्या मालाची गोदामं सांभाळण्यात तरबेज, तर मेनोनाइट लोक सुतारकामात. ही विभागणी कुणी वरून लादलेली नाही. १९६९च्या कॅमिल हरिकेनमध्ये सगळ्याच संस्था एकाच ठिकाणी धावल्या आणि बाकीची ठिकाणं कोरडी राहिली. त्या अनुभवातून १९७०मध्ये या संस्थांनी आपली एक राष्ट्रीय समन्वय संघटना काढली. ती स्वतः एक पोळीही वाटत नाही. कोण कुठे जातंय एवढंच पाहते.

वस्तूंच्या देणग्यांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं फार काही चांगलं नाही. या क्षेत्रातले लोक त्यांना ‘दुसरी आपत्ती’च म्हणतात. जुन्या कपड्यांचे ढीग उतरवायला, निवडायला आणि ठेवायला माणसं आणि जागा लागते, आणि नेमकी आपत्तीनंतरच्या आठवड्यांत दोन्हींची टंचाई असते. सरकारांचंही वेगळं नसतं. कतरिनाच्या वेळी ब्रिटनने पाठवलेली सैनिकी जेवणाची पाकिटं अमेरिकेच्या गोमांसविषयक नियमांत अडकली आणि आर्कान्सामधल्या गोदामात पडून राहिली. पैसे पाठवा, हा सल्ला रुक्ष वाटतो, पण तोच खरा आहे.

पाणी उतरल्यावर घर रिकामं करण्याचं काम सुरू होतं. आठ-दहा स्वयंसेवकांची टोळी, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, एन-९५ मास्क, हातमोजे, गॉगल. घरात शिरण्याआधी वीज आणि गॅस बंद असल्याची खात्री करायची. पहिला मान फ्रिजचा. कित्येक आठवडे बंद पडलेल्या फ्रिजमध्ये काय असेल ते ओळखून तो उघडायचाच नाही. चिकटपट्टीने गुंडाळून थेट रस्त्याच्या कडेला. त्या हिवाळ्यात न्यू ऑर्लिन्सच्या फुटपाथांवर अशा फ्रिजच्या रांगा लागल्या होत्या. मग फर्निचर, गाद्या, गालिचे. त्यानंतर भिंती: जिप्समचे बोर्ड हातोडीने फोडून काढायचे, त्यांच्यामागचं भिजलेलं काचतंतूचं अस्तर ओढायचं, उरलेले खिळे एकेक करून उपटायचे. हे खिळ्यांचं काम कंटाळवाणं असल्यामुळे नवखे लोक सोडून देतात, आणि पुढच्या टोळीला तेच पुन्हा करावं लागतं. रस्त्यावरचा कचराही वेगवेगळ्या ढिगांत टाकावा लागतो. यंत्रं एकीकडे, रंग आणि रसायनं दुसरीकडे, बांधकामाचा राडारोडा तिसरीकडे, नाहीतर पालिकेची गाडी उचलत नाही.

शेवटी उरतो तो नुसता लाकडी सांगाडा. तो घासून बुरशी काढायची आणि वाळू द्यायचा. इथे घाई केली की सगळं वाया. ओलाव्याचा मीटर लाकडात टोचून आकडा साधारण १५-१६ टक्क्यांच्या खाली येईपर्यंत नवे बोर्ड ठोकायचे नसतात. ठोकले तर बुरशी आतल्या आत वाढते आणि वर्षाभरात घर पुन्हा फोडावं लागतं. चांगल्या संस्था आणखी एक पथ्य पाळतात. घरमालकाला विचारल्याशिवाय काहीही फेकत नाहीत. चिखलाने माखलेला फोटोंचा अल्बम स्वयंसेवकाला कचरा वाटतो.

टोळीप्रमुख रोज संध्याकाळी किती माणसांनी किती तास काम केलं ते लिहून ठेवतो. केंद्राच्या आपत्ती-निधीतला काही हिस्सा स्थानिक प्रशासनाला स्वतः घालावा लागतो, आणि ठरावीक कामांत स्वयंसेवकांचे तास पैशांत मोजून तो हिस्सा भरता येतो. म्हणजे वही नीट ठेवली तर विद्यार्थ्यांच्या सुट्टीतल्या घामाचेही पैसे होतात.

इथवरचं काम हातांचं. घर खरं अडतं ते यापुढे, कागदांत.

आपत्तीनंतर पैसा कोणत्या क्रमाने यायचा हे ठरलेलं असतं. आधी विमा. मग फेमा या केंद्रीय आपत्ती यंत्रणेचा पंचनामा आणि तिचं अनुदान. मग कमी व्याजाचं सरकारी कर्ज, मग राज्याची योजना. धर्मादाय पैसा सगळ्यात शेवटी. पहिल्यांदा ऐकताना हे निष्ठुर वाटतं. छप्पर गळतंय, संस्थेकडे पैसे आहेत, मग थांबायचं कशाला? कारण एकाच कामासाठी दोनदा मदत मिळू नये असा कायदा आहे. संस्थेने आधी छप्पर घालून दिलं तर सरकार म्हणणार, यांचं छप्पर झालं, नाव खोडा. मग सरकारने जे द्यायला हवं होतं ते दानातून गेलं, आणि ज्याला कुठूनच काही मिळणार नव्हतं त्याच्यासाठी पैसे उरले नाहीत. म्हणून अनुभवी संस्था छपरावर ताडपत्री टाकतात आणि अर्ज भरायला बसतात.

अर्जांत माणसं अडकतात. लुइझियानात कित्येक घरं आजीच्या नावावर होती, आजी जाऊन वीस वर्षं झाली होती, आणि वारसनोंद कुणी केलीच नव्हती. सातबाऱ्यावर पणजोबांचं नाव पाहिलेल्या मराठी वाचकाला हे वेगळं सांगायला नको. मालकी सिद्ध होत नाही तोवर अनुदान नाही. राज्याच्या ‘रोड होम’ योजनेत आणखी एक खोच होती. अनुदान जास्तीत जास्त दीड लाख डॉलर, पण ते घराची वादळापूर्वीची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च यांत जे कमी त्यावर काढायचं. समजा दोन सारख्या घरांना दुरुस्तीला सव्वा लाखच लागणार आहेत. एक गोऱ्यांच्या वस्तीत, बाजारभाव दोन लाख. दुसरं कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, भाव साठ हजार. पहिल्याचा हिशेब सव्वा लाखावर, दुसऱ्याचा साठ हजारांवर, आणि त्यातूनही विम्याचे पैसे वजा. लाकूड आणि खिळे मात्र दोघांना एकाच भावाने. यावर खटला झाला आणि २०११मध्ये तडजोड झाली.

या जंजाळातून एकेका कुटुंबाला हात धरून बाहेर काढणारा माणूस म्हणजे केस मॅनेजर. त्याचा पगार द्यायला देणगीदार नाखूश असतात, कारण त्याचा फोटो काढण्यासारखं काही नसतं. कतरिनानंतर भारताने दिलेले ५० लाख डॉलर रेड क्रॉसकडे गेले. इतर देशांनी थेट अमेरिकी सरकारला दिलेल्या पैशांपैकी ६ कोटी ६० लाख डॉलर मात्र याच कामावर लागले. मेथॉडिस्ट चर्चच्या मदतसंस्थेच्या नेतृत्वाखाली बऱ्याच संस्थांनी मिळून ते चालवलं. माझ्या मते परदेशी मदतीचा त्या वर्षातला हा सगळ्यात शहाणा उपयोग.

सगळी सरकारी दारं ठोठावून झाल्यावरही तूट राहिली तर ती केस स्थानिक पुनर्वसन समितीच्या टेबलावर येते. कुटुंबाचं नाव झाकलेलं, फक्त क्रमांक. केस मॅनेजर सांगतो: विधवा बाई, दोन नातवंडं, अनुदान संपलं, प्लंबिंग आणि भिंती बाकी, इतके हजार कमी. मग टेबलाभोवतीच्या संस्था बोलतात. कॅथॉलिक संस्था बोर्डांचे पैसे देते, मेनोनाइट चार सुतार देतात, तिसरं चर्च त्या सुतारांची राहण्याची सोय करतं. पंधरा मिनिटांत एक घर मार्गी लागू शकतं. ही बैठक चालायची तर वादळानंतर दीड-दोन वर्षांनीही संस्थांच्या हातात पैसा उरलेला असावा लागतो, आणि बहुतेक देणग्या पहिल्या काही आठवड्यांत येऊन खर्चून मोकळ्या होतात.

बांधकामाची गती हा वेगळाच प्रश्न. शेजारच्या सेंट बर्नार्ड परगण्यात जवळजवळ एकही घर राहण्याजोगं उरलं नव्हतं. त्यात तेलाची टाकी फुटून दहा लाख गॅलनांहून अधिक कच्चं तेल वस्तीत पसरलं. बरेच लोक भामट्या कंत्राटदारांना अनुदानाचे पैसे देऊन बसले होते. २००६मध्ये वॉशिंग्टनहून आलेल्या लिझ मॅकार्टनी आणि झॅक रोझनबर्ग यांनी तिथे ‘सेंट बर्नार्ड प्रोजेक्ट’ सुरू केला. दोघांनाही बांधकामाचा अनुभव नव्हता. पुढे टोयोटाच्या लोकांनी येऊन त्यांना कारखान्यातली पद्धत शिकवली: कोणतं घर कुठल्या टप्प्यावर अडलंय ते फळ्यावर सगळ्यांना दिसेल असं लिहा, माल संपण्याआधी मागवा, एका टोळीने दुसरीची वाट बघत बसू नये. एका घराला लागणारा वेळ जवळपास निम्म्यावर आला.

पण घरामागून घर बांधून वस्ती होत नाही. शहराच्या पूर्व टोकाला व्हिएतनामी वस्तीतलं मेरी क्वीन ऑफ व्हिएतनाम चर्च आहे. तिथले फादर व्हिएन यांनी लोकांना लवकर परत आणलं. वीज कंपनी म्हणाली, ग्राहक आहेत कुठे? चर्चने परतलेल्यांची यादी पुढे केली आणि वीज आली. ब्रॉडमूर वस्ती तर शहराच्या पुनर्बांधणीच्या जानेवारी २००६मधल्या नकाशात हिरव्या ठिपक्याखाली, म्हणजे भावी उद्यानात, जमा झाली होती. रहिवासी संघाने कोण परतणार याची घरोघर नोंद केली, स्वतःचा आराखडा केला आणि वस्ती वाचवली.

याउलट अभिनेता ब्रॅड पिट यांची ‘मेक इट राइट’ ही संस्था. लोअर नाइन्थ वॉर्डमध्ये नामांकित वास्तुरचनाकारांकडून १५० घरं बांधायचा संकल्प होता, १०९ झाली. काहींची छपरं सपाट, वळचणी आखूड, आणि न्यू ऑर्लिन्सचा पाऊस आपल्या कोकणाला लाजवणारा नसला तरी बारमाही. काही वर्षांत लाकूड कुजायला लागलं, २०१८मध्ये रहिवाशांनी खटला भरला. तोवर संस्थेचं कार्यालयच जवळपास बंद झालं होतं. तक्रार घेऊन जायचं कुणाकडे, याचं उत्तर रहिवाशांना कोर्टात शोधावं लागलं.