संगमावरची कापड दुकानदारी

यात्रेच्या गावात कापडाचे दुकान काढावे की नाही, हे विचारायला इचलकरंजीचा एक तरुण व्यापारी पावसाळ्याआधी आमच्याकडे आला होता. नृसिंहवाडीला बारमाही गिऱ्हाईक असते, जागा मिळते आहे, भाडेही परवडते, मग अडचण काय, असा त्याचा सवाल. आम्ही त्याला दुकानाच्या भिंतीवरच्या तीन रेघा दाखवल्या. खालची २००५ ची, मधली २०२१ ची आणि सर्वांत वरची २०१९ ची. रेघा पाहून तो गप्प झाला. पण नुसत्या रेघांवरून धंद्याचा अंदाज बांधणेही बरोबर नाही. ज्या नदीने त्या रेघा ओढल्या, तीच नदी आम्हाला गिऱ्हाईक आणून देते. हा हिशेब एका बैठकीत सांगून होत नाही, म्हणून हा लेख.

आमचे घर कुरुंदवाडला आणि दुकान वाडीत. मध्ये पंचगंगेचा पूल. तीस वर्षांहून जास्त काळ हा पूल ओलांडून आम्ही गल्ल्यावर बसत आहोत. कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावरचे हे दत्ताचे ठिकाण, नृसिंह सरस्वतींच्या पादुकांचे. विजापूरच्या आदिलशहाच्या मुलीची दृष्टी परत आली म्हणून त्याने देवस्थानाला औरवाड आणि गौरवाड ही गावे दिली, अशी इथली परंपरा सांगते. देवळाला इतर देवळांसारखे शिखर नाही, त्याची बांधणी मशिदीसारखी आहे, हे नवीन आलेला मुस्लिम व्यापारी पहिल्याच दिवशी आश्चर्याने पाहतो.

आमच्या दुकानात दोन कॅलेंडरे टांगलेली असतात. एक हिजरी, आमच्या ईद-रमजानसाठी. दुसरे पौर्णिमा-अमावास्येचे, धंद्यासाठी. शनिवार, गुरुवार आणि पौर्णिमा हे वाडीचे बाजाराचे दिवस समजावेत. आश्विनात गुरुद्वादशी, मार्गशीर्षात दत्तजयंती. गुरू कन्या राशीत आला की बारा वर्षांनी कन्यागत येते, मागील २०१६ साली झाली. ज्याने हे कॅलेंडर पाठ केले नाही त्याने वाडीत माल भरू नये. भलत्या आठवड्यात गासडी सोडवली तर पैसा फळीवर पडून राहतो.

यात्रेकरू कापड घ्यायला आलेला नसतो, हे समजायला आम्हाला दोन वर्षे लागली. सुरुवातीला आम्ही शर्टिंग-सूटिंगचे तागे मांडून बसलो होतो. लोक यायचे, हात लावायचे आणि चपला कुठे काढायच्या ते विचारून पुढे जायचे. मग लक्षात आले की माणूस घाटावर अंघोळ करतो आणि टॉवेल घरी विसरून आलेला असतो. देवळात आत जायचे तर अंगात शर्ट चालत नाही, खांद्यावर उपरणे लागते. बायकांना कृष्णामाईची ओटी भरायला खण लागतो. म्हणजे पंचा, टॉवेल, उपरणे, धोतर, खण. नगाला नफा थोडा, पण रोख. उलट कुरुंदवाडच्या आमच्या जुन्या गिऱ्हाइकाचा व्यवहार उसाच्या बिलावर चालतो. कारखान्याचे बिल जमा झाले की लग्नाचा बस्ता फिटतो, तोपर्यंत वहीवर. वाडीचा रोख गल्ला गावची उधारी ओढून नेतो. ज्याच्याकडे दोन्ही नाहीत त्याने केवळ यात्रेवर संसार चालवण्याचा विचार करू नये.

आता रोजच्या कटकटी. शनिवारी सकाळी गाड्यांची रांग दुकानासमोर अशी लागते की गिऱ्हाइकाला पायरी दिसत नाही. मोबाइलवरून पैसे देणारा वाढला आहे आणि नेमकी गर्दी झाली की नेटवर्क बसते. मग तो ओला माणूस पंचा गुंडाळून आमच्यासमोर उभा, पैसे त्याच्या फोनमध्ये अडकलेले. दहा जणांपैकी सहा जण फक्त पिशवी ठेवायला येतात. “मामा, एवढी पिशवी बघा हां, दर्शन घेऊन आलो.” पूर्वी आम्हाला राग येत असे. आता पिशव्यांसाठी वेगळी फळी केली आहे. कारण पिशवी न्यायला आलेला माणूस बहुधा काहीतरी घेऊन जातो, आणि आम्ही पिशवी सांभाळली हे पुढच्या पौर्णिमेला विसरत नाही.

गिऱ्हाइकात चिक्कोडी, बेळगावकडचे लोक पुष्कळ. “एष्टु री?” असे विचारले की किंमत कन्नडमध्येच सांगावी. मराठीत घासाघीस, कन्नडमध्ये हिशेब आणि हमालाशी दखनी, असा आमचा दिवस जातो. उर्दू शाळेत शिकलेल्या माणसाला या तीन बोलींत एक उपरणे विकताना जी मजा येते ती ठोक व्यापारात हजार मीटर विकून येत नाही.

नदीचे प्रकरण मात्र नीट समजून घ्यावे. वाडीत पाऊस नसतानाही पूर येतो. पाऊस पडतो सह्याद्रीत. पंचगंगेत कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचे पाणी येते. भोगावतीवरचे राधानगरी धरण भरले की त्याचे सात स्वयंचलित दरवाजे एकेक करून आपोआप उघडतात आणि एकेकातून १४२८ क्युसेक पाणी सुटते. कृष्णेत कोयना आणि वारणेचे पाणी येते. एकट्या कोयनेची साठवण १०५ टीएमसी. दोन्ही नद्यांना एकाच वेळी पाणी आले आणि कृष्णा चढलेली असली, की पंचगंगेला आत शिरायला वाट राहत नाही. ती मागे फुगत जाते. म्हणून इथला पूर दबकत येतो, आठ-आठ दिवस मुक्काम करतो आणि उतरतानाही तसाच रेंगाळतो. कापडाला धावत्या पाण्यापेक्षा हे मुक्कामी पाणी वाईट. खालच्या आलमट्टी धरणामुळे हा फुगवटा वाढतो की नाही, यावर आमच्याकडे चहाच्या टपरीवर रोज वाद होतो. व्यापाऱ्याने त्या वादात पडण्याआधी कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याचा आकडा पाहावा. तिथे इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ साली तो आकडा ५५ फुटांच्या पुढे गेला होता.

आणि गंमत अशी की पाणी चढू लागले की गर्दी वाढते. कृष्णेचे पाणी देवळात शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. त्या पाण्यात स्नान करायला लोक रात्री-बेरात्री गाड्या करून येतात. आमचे टॉवेल-पंचे त्या दिवशी सर्वांत जास्त खपतात. म्हणजे ज्या तासाला माल वर चढवायला हवा, नेमक्या त्याच तासाला गिऱ्हाईक दारात उभे. या एका तासात माणसाच्या हावेची परीक्षा होते. आमचा नियम आता पक्का आहे. दक्षिणद्वार झाले की खालच्या दोन फळ्या रिकाम्या. पाणी आणखी वाढून उत्सवमूर्ती उंचावर हलवली की दुकान बंद आणि टेम्पो शिरोळच्या दिशेने. पुजाऱ्यांना पाण्याचा अंदाज आमच्यापेक्षा जास्त असतो.

हा नियम आम्ही नुकसान सोसून शिकलो. २०१९ च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आम्ही हुशारी केली. २००५ ची रेघ माहीत होती, म्हणून सगळा माल तिच्यावर एक फूट चढवला आणि जयसिंगपूरला पाहुण्यांकडे निघून गेलो. पाणी उतरल्यावर शटर उघडले तेव्हा आधी वास आला, माल नंतर दिसला. पोटमाळ्यावरची वरची रास तेवढी कोरडी होती. शेजारच्या गोदामात इचलकरंजीच्या कोऱ्या कापडाच्या गासड्या होत्या, त्यांना बुरशी लागली होती. कोऱ्या कापडात सायझिंगची कांजी असते आणि बुरशीला ती खाऊच वाटते. रंगीत मालात एकाचा रंग दुसऱ्यावर उतरला होता. पॉलिएस्टरच्या साड्या धुऊन निघाल्या, पण जरीचे काठ काळवंडले. यातून एक शिकलो, की पाण्यातून निघालेला माल ढिगात एक दिवसही ठेवू नये. गाळ वाळण्याआधी साध्या पाण्यात खळबळून, गडद आणि फिका वेगळा करून, सावलीत पसरावा. आम्ही विमेवाल्याच्या माणसाची वाट पाहत ढीग तसाच ठेवला. फोटो काढून ठेवले असते तर पुरले असते.

विम्याचेही ऐका. पॉलिसी होती, बँकेच्या कर्जाबरोबर काढलेली. पण तिच्यावर पत्ता दुकानाचा आणि मोठा माल शेजारच्या गोदामात. गोदामाचा दावा नामंजूर झाला. कंपनीचे नाव घेण्यात अर्थ नाही, कागद वाचला नाही ही चूक आमची. शिवाय साठ्याची वही आम्ही उर्दूत लिहीत होतो. ती भिजून शाई पसरली. जी पाने राहिली ती तपासणीसाला वाचता येईनात. वाचकांपैकी ज्यांच्या पॉलिसी आहेत त्यांनी आजच काढून पाहावे, की पूर आणि जलमय होणे यांचा त्यात समावेश आहे का, प्रत्येक गोदामाचा पत्ता लिहिला आहे का, आणि रक्कम आजच्या मालाइतकी आहे का. खरेदीच्या बिलांची प्रत दुसऱ्या गावी ठेवावी. पंचनामा होईपर्यंत खराब मालाचा नमुना टाकून देऊ नये. २०२१ च्या पुरानंतर सरकारने दुकानदारांना जास्तीत जास्त ५० हजार आणि टपरीवाल्यांना १० हजारांची मदत जाहीर केली, तीही पंचनाम्यावरच.

खरी अडचण त्यानंतर आली. धुतलेल्या, इस्त्री केलेल्या साड्या चांगल्या दिसत होत्या. त्या महिन्यात बाजारात असा माल नवा म्हणून बराच फिरला. आमचा मुलगा म्हणाला, “अब्बा, काठाची घडी आत घातली तर कुणाला कळणार आहे?” डोक्यावर कर्ज होते, त्यामुळे त्याला लगेच रागावता आले नाही. रात्री आम्हाला मदीनेच्या बाजारातील तो प्रसंग आठवला. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घातला तर आत ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले. सकाळी आम्ही काळवंडलेले काठ वर काढून साड्या मांडल्या आणि पाटी लावली, ‘पुरात भिजलेला माल, निम्मी किंमत’. आश्चर्य असे की चार दिवसांत रास संपली. घेणाऱ्यांची घरे आमच्यासारखीच भिजलेली होती. त्यांना घालायला कपडे हवे होते आणि खरी किंमत हवी होती. मुद्दल फिटले नाही, हेही सांगितले पाहिजे.

संगमावर राहण्याची ही कटकट फक्त आमचीच, असे आम्हाला वाटत असे. पुढे भाचा मलेशियात नोकरीला गेला, त्याच्याकडे महिनाभर राहण्याचा योग आला तेव्हा कळले की क्वालालंपूर या नावाचा अर्थच गढूळ संगम. क्लांग आणि गोंबाक या दोन नद्या जिथे मिळतात तिथे १९०९ साली उघडलेली जामेक मशीद आहे. आम्ही अस्रची नमाज पढून बाहेर आलो की पायऱ्यांवरून दोन पाणी एकत्र होताना दिसे आणि वाडीचा घाट आठवे. तिथून चालत गेले की मस्जिद इंडिया नावाचा रस्ता. तमिळ मुस्लिमांची कापडाची दुकाने, बाटिकचे तागे, तोच मीटर, तीच घासाघीस. भाच्याची तक्रार एकच, दुपार टळली की धो-धो पाऊस आणि मग रस्ता तुंबून दोन तास गाडीत. त्याची भरपाई रोटी चनाई आणि उंचावरून ओतलेल्या फेसाळ चहाने होत असे. १९७१ च्या जानेवारीत त्या शहरात मोठा पूर आला होता. पुढे २००७ साली त्यांनी साडेनऊ किलोमीटरहून लांब बोगदा काढला. एरवी त्याच्या एका भागातून गाड्या जातात, मोठा पूर आला की गाड्या बाहेर काढून पाणी सोडतात. तरीही २०२१ च्या डिसेंबरात शेजारचे शाह आलम बुडालेच. पैशाने पाणी काही वेळ अडते, एवढे आम्ही पाहून आलो.

एक गोष्ट आपल्याच धंद्याविषयी. पावसाळ्यात पंचगंगा आमचा माल भिजवते, पण उन्हाळ्यात आमचा धंदा तिला काय देतो? १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला, त्यावर आज आमच्यासारख्यांची चूल पेटते. पण रंगाई-धुलाईचे पाणी, गावांचे सांडपाणी सगळे नदीत. मार्च-एप्रिलमध्ये तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच आम्ही पाहिला आहे. पुरासाठी सरकारला बोल लावणारे आम्ही व्यापारी त्या पाण्याच्या रंगाबद्दल गप्प असतो, कारण तो रंग आमच्या ताग्यांचा असतो.

आणि सुख? ते छोटे आहे, पण आहे. हिवाळ्यात फजरनंतर पूल ओलांडताना नदीवर धुके असते. वाडीत खव्याच्या कढया चढलेल्या असतात. बासुंदी आणि कवठाची बर्फी आमच्या घरी ईदलाही जाते. कृष्णाकाठची वांगी पिशवीत टाकून संध्याकाळी परत. कुरुंदवाडच्या काही मशिदींत गणपती बसतो, हे बाहेरच्यांना खोटे वाटते. २०१८ पासून तीन वर्षे मोहरम आणि गणपती एकत्र आले तेव्हा पंजांसाठी हिरवे कापड आणि मंडपासाठी झालरीचे कापड एकाच सकाळी एकाच फळीवरून गेले. कोण कोणते मागतो आहे, हे मोजायला तेव्हा वेळ नव्हता.

त्या तरुणाने जागा घेतली. वरच्या रेघेवर तीन हात पोटमाळा बांधून घेतला आणि गोदाम वाडीत न ठेवता जयसिंगपूरला ठेवले. पहिल्या शनिवारी त्याने फोन केला. भवानी एका पंच्याची झाली होती आणि दुकानात अकरा पिशव्या सांभाळायला होत्या.