यादीत राहिलेली पेरणी

ध्वनिमुद्रिकांची यादी म्हणजे विक्रीचा कागद, असे आपण समजतो. इंग्लंडमधील वॉलसेंड या जहाजबांधणीसाठी नावाजलेल्या गावी १९७९ साली निघालेल्या ‘नीट रेकॉर्ड्‌स’ या छोट्या कंपनीची यादी निराळे सांगते. डेव्हिड वूड यांच्या ध्वनिमुद्रणगृहात आसपासचे तरुण ‘हेवी मेटल’ हे दणदणीत संगीत मुद्रित करीत. ‘टायगर्स ऑफ पॅन टँग’ची छोटी तबकडी येथूनच निघाली, १९८० मध्ये मोठ्या कंपनीने त्यांना उचलले. ‘व्हेनम’च्या १९८२ मधील ‘ब्लॅक मेटल’ या ध्वनिमुद्रिकेचे नाव तर पुढे एका संगीतप्रकारालाच मिळाले. जोखीम धाकट्याची आणि पीक थोरल्याचे, हा बाजाराचा रिवाजच आहे. परंतु पेरणी कोणी केली, याची साक्ष यादी देते. म्हणून अशा याद्या आपण जपल्या पाहिजेत.