रुचक, वज्र, प्रलीनक

खिद्रापूरच्या कोपेश्वर देवळाचे खांब लेथवर काढलेले आहेत, असे व्हिडिओ सध्या फिरतायत. कागल पंचतारांकित एमआयडीसीतला एक टर्नर विचारतो, खरं काय?

विचारणाराच जाणकार आहे. शिलाहारांच्या काळात, बाराव्या शतकात उभारलेल्या या देवळाच्या स्वर्गमंडपात ४८ खांब आहेत. उघड्या गोल छताखाली १२ खांबांचं कडं. त्यांच्यावरच्या कड्या आणि खाचा पाहून लेथ आठवणारच. आपल्याकडे लाकूड कातणाऱ्यासाठीचा ‘कातारी’ हा शब्द एमआयडीसीच्या फार आधीचा आहे. सावंतवाडीची कातीव लाकडी खेळणी त्याच कलेतली.

दगड फिरवून कातणं अशक्य नव्हतं. ग्रीसमधल्या सामोस बेटावरच्या हेरा देवीच्या देवळातल्या खांबांच्या बैठका फिरवून कातलेल्या आहेत. लेथ शोधल्याचं श्रेय रोमन लेखक प्लिनी सामोसच्याच थिओडोरोसला देतो. लेम्नोसमधले खांब एवढे तोललेले होते म्हणे, की एक पोरगा ते फिरवायचा! पण सामोसचा चुनखडक मऊ आणि आपला बसाल्ट कडक. अर्धा मीटर व्यासाचा, अडीच मीटर उंचीचा बसाल्टचा खांब दीड टनाच्या आसपास भरेल. फिरवलाच असेल तर उभा, तुमच्या व्हीटीएलसारख्या उभ्या लेथवर फिरतो तसा.

मला मात्र वराहमिहिराची आठवण होते. ग्रीक-रोमन खांबांची गोष्ट सांगताना लोक रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसपाशी थांबतात: डोरिक खांब म्हणजे पुरुष, आयोनिक म्हणजे स्त्री. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातल्या बृहत्संहितेत खांबांची नावं येतात, ती आपण अशीच प्रतीकं म्हणून वाचतो. चौकोनी तो रुचक, आठ पैलूंचा वज्र, सोळांचा द्विवज्र, बत्तिसांचा प्रलीनक, मग वृत्त. माझ्या मते ही यादी कारखान्यातल्या रूट कार्डासारखी, कामाचा क्रम म्हणूनही वाचता येते. चौकोनाचे कोपरे मारा, आठ पैलू. पुन्हा मारा, सोळा. पुन्हा, बत्तीस.

हिशेब करून बघा. खांबाचा व्यास ५० सेंटिमीटर धरला, तर चौकोनाचा कोपरा वर्तुळाबाहेर १०४ मिलिमीटर येतो. अष्टकोनाचा २१, सोळा पैलूंचा ५, बत्तीस पैलूंचा फक्त सव्वा मिलिमीटर! तेवढं तर घासूनच जातं. प्रलीनक म्हणजे विरघळलेला. नाव ठेवणाऱ्याने धारा नाहीशा होताना पाहिल्या असणार.

मग खाचांचं काय? जॉब फिरवून हत्यार स्थिर ठेवा, किंवा जॉब स्थिर ठेवून फर्मा भोवती फिरवा. खाच गोलच उमटते. म्हणून नुसती खाच पाहून लेथ सिद्ध होत नाही. लेथ नव्हताच, असंही त्यातून सिद्ध होत नाही.

खिद्रापूरला गेलात तर खांबावर तिरका टॉर्च मारा. सपाट पट्ट्यांवर छिन्नीचे उभे पैलू दिसले, तर तो भाग हाताचा. कॅलिपर मात्र घरीच ठेवा. वास्तू संरक्षित आहे, हे एक. दुसरं तुम्हालाच ठाऊक: तीन फुगवट्यांचा जॉब कॅलिपरमध्ये सगळीकडून सारखाच भरतो आणि व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल लावला की काटा नाचतो.