शंभरापैकी एकशे बावीस

डिसेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा म्हणजे इथल्या बऱ्याच शाळा-कॉलेजांत फायनल परीक्षांचा हंगाम. बाहेर नाताळची रोषणाई असते, पण ज्या घरात हायस्कुलात किंवा कॉलेजात जाणारे मूल आहे, त्या घरात मात्र सगळे दबक्या आवाजात बोलत असतात.

गेल्या वर्षी आमच्याकडेही हेच चालले होते. अकरावीतली आमची लेक रात्री साडेअकरा वाजता जेवणाच्या टेबलावर गणिताच्या वह्या पसरून बसली होती. ओळीने चौथी रात्र. डोळे लाल झालेले. मी बापाच्या अधिकाराने नेहमीचे वाक्य टाकले, "मनापासून अभ्यास केलास, तर गणितात अजूनही ए येईल." तिने मान वर न करता विचारले, "बाबा, त्यासाठी फायनलला किती मार्क पाहिजेत, ते तू काढून बघितलंस का?"

मी बघितले नव्हते. इंजिनिअरिंगमधली डॉक्टरेट गाठीशी आणि आयुष्याची वीस वर्षे सॉफ्टवेअरमध्ये घालवलेली, तरी हा साधा हिशेब करावा असे मला सुचले नव्हते. टपालातून आलेल्या एका पाकिटाच्या पाठीवर आम्ही तो मांडला. तो आपल्यापैकी अनेकांच्या उपयोगी पडेल असे वाटले, म्हणून हा लेखप्रपंच.

मला तो का सुचला नाही, याचे कारण आपल्या दहावी-बारावीत आहे. आमच्या वेळी वर्षभर शाळेत काहीही दिवे लावले तरी निकाल ठरायचा तो मार्चमधल्या बोर्डाच्या पेपरांवर. त्यामुळे "शेवटी जोर लावला की सगळे भरून निघते" ही समजूत आपल्या हाडीमाशी खिळली आहे. इथे तसे नाही. ग्रेड सप्टेंबरपासून थोडी थोडी साठत जाते. गृहपाठ, क्विझ, मिडटर्म, प्रोजेक्ट अशा प्रत्येक गोष्टीला ठरलेला वाटा, म्हणजे 'वेटेज' असते. फायनलची वेळ येईपर्यंत बहुतेक ग्रेड ठरून गेलेली असते आणि एकच आकडा कोरा उरतो. सगळे माहीत आणि एकच 'क्ष' अज्ञात, असे हे शाळेतले समीकरण आहे.

लेकीच्या शाळेत पहिल्या क्वार्टरला ४० टक्के, दुसऱ्याला ४० टक्के आणि फायनलला २० टक्के वेटेज आहे. एकूण ९० किंवा अधिक असले तर ए, ८० ते ९० च्या मधे बी. आता तिची रसायनशास्त्राची स्थिती पाहा. पहिल्या क्वार्टरला ९१, दुसऱ्याला ८६.

९१ चे ४० टक्के ३६.४. ८६ चे ४० टक्के ३४.४. दोन्ही मिळून ७०.८ गुण पदरात पडलेले. ९० ला कमी पडतात १९.२. हे १९.२ गुण फायनलच्या २० टक्क्यांतून आणायचे, म्हणून १९.२ ला ०.२० ने भागायचे. उत्तर ९६.

नियम एवढाच: हव्या असलेल्या एकुणातून पदरात पडलेले गुण वजा करा आणि बाकीला फायनलच्या वाट्याने भागा.

याच रीतीने आम्ही इतिहास घेतला. ९४ आणि ९५, म्हणजे ७५.६ जमा. कमी १४.४. भागिले ०.२०, उत्तर ७२. आणि मग गणित. ८३ आणि ८१, म्हणजे ६५.६ जमा. कमी २४.४. भागिले ०.२०.

एकशे बावीस.

शंभर मार्कांच्या पेपरात १२२! जी गोष्ट साक्षात रामानुजनलाही जमली नसती, ती मी चार रात्री माझ्या लेकीकडून मागत होतो. आणि ती बिचारी ती देण्याचा प्रयत्न करत होती.

पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. तोच हिशेब बी ग्रेडसाठी करून पाहिला. गणितात बी राखायला ७२ पुरतात. रसायनशास्त्रात बी साठी फक्त ४६! म्हणजे त्या पेपरात ४६ मिळोत की ९३, रिपोर्ट कार्डावर बी च. खरी झुंज ९६ च्या आसपासच होती, आणि त्याच विषयाचे पुस्तक चार दिवस बंद पडले होते. फायनलचे ५ गुण वाढले की एकूण १ गुणाने वाढते. हे प्रमाण लक्षात ठेवले तर कोणत्या विषयाची रात्र कुठे खर्च करावी, ते आपोआप दिसते.

कॉलेजच्या मुलांसाठी एक धोक्याची सूचना. पोर्टलवर दिसणारी चालू टक्केवारी बहुधा झालेल्या भागापुरतीच असते. समजा, गृहपाठाला २०, मिडटर्मला ४० आणि फायनलला ४० टक्के वेटेज आहे. गृहपाठात ९५ आणि मिडटर्मला ७६ असतील, तर पदरात १९ अधिक ३०.४, म्हणजे ४९.४ गुण. हे ६० पैकी आहेत, म्हणून पोर्टल ८२.३ टक्के दाखवील. मुलगा म्हणेल, "थोडंसंच कमी आहे." पण ९० साठी फायनलला लागतील १०१.५. उलट ८० टिकवायला ७६.५ मिळवावेच लागतील, म्हणजे तेही गृहीत धरून चालणार नाही.

हिशेबाआधी कोर्सचा सिलॅबस नीट वाचावा. ८९.५ चे ९० करतात का? सर्वांत कमी गुणांची क्विझ वगळतात का? एक्स्ट्रा क्रेडिट आहे का? ग्रेडला प्लस-मायनस आहे का? काही ठिकाणी टक्क्यांऐवजी सगळ्या गुणांची सरळ बेरीज करतात. तिथे एकूण गुणांवरून फायनलचा वाटा काढून घ्यावा लागतो. आणि जिथे वर्गाची कामगिरी पाहून ग्रेड 'कर्व्ह' करतात, तिथे हे उत्तर अंदाजापुरतेच. आमच्या शाळेत ८९.५ चे ९० होतात हे लेकीला ठाऊक होते. त्यामुळे रसायनशास्त्राचे ९६ उतरून ९३.५ वर आले. केवळ नियम वाचून अडीच गुण हलके झाले!

त्या रात्री तिने गणिताच्या वह्या मिटल्या आणि ती झोपायला गेली. पुढचे चार दिवस मुख्य वेळ रसायनशास्त्राला दिला. गणित सोडले मात्र नाही. ७२ चे भान होतेच, शिवाय जो धडा समजला नव्हता तो जानेवारीत पुन्हा पुढे उभा राहणार होता. ग्रेडची पायरी हुकली म्हणून विषयाची गरज संपत नाही, हे या हिशेबात कुठेच दिसत नाही. ते आपणच मुलांना सांगायला हवे.

निकाल सांगतो. इतिहासात ९०, एकूण ९३.६, ए. गणितात ८४, एकूण ८२.४, बी. आणि रसायनशास्त्रात ९३. एकूण ८९.४. अर्ध्या गुणाने ए हुकला.

मी काही बोलण्याआधी तीच म्हणाली, "बाबा, मला माहीत होतं किती हवेत ते. अगदी जवळ गेले होते." आवाजात हळहळ होती, पण मागच्या वर्षीसारखे रडणे नव्हते. हिशेबाने तिला ए मिळवून दिला नाही. पण गणितातल्या बी बद्दल "तू अभ्यासच केला नाहीस" असे एरवी मी म्हटले असते, ते त्या पाकिटामुळे म्हणालो नाही. तो बी डिसेंबरात नव्हे, ऑक्टोबरातच ठरला होता, आणि तेव्हा मी तिला काही विचारलेही नव्हते.

म्हणून यंदा आम्ही पाकीट पहिल्या क्वार्टरनंतरच काढले. क्ष काढायचाच, तर तो शंभराच्या आत असेपर्यंत काढावा. तुमच्या घरी अजून वेळ असेल, तर आज जेवण झाल्यावर मुलांबरोबर बसा. पेन्सिल मुलांच्या हातात द्या, आणि उत्तर येईपर्यंत आपण गप्प राहा.