वर्षणातील स्थिर समस्थानिक

वर्षणातील स्थिर समस्थानिक : पाऊस, हिम इ. रूपांनी भूपृष्ठावर येणाऱ्या पाण्यातील हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे किरणोत्सर्गी नसलेले समस्थानिक (अणुक्रमांक तोच पण अणुभार भिन्न असलेले त्याच मूलद्रव्याचे प्रकार). महासागराच्या पाण्यात सु. ५०० ऑक्सिजन अणूंमागे एक ऑक्सिजन (१८) चा, तर सु. ६,४०० हायड्रोजन अणूंमागे एक ड्यूटेरियमाचा असतो. हे जड अणू असलेले रेणू बाष्पीभवनात मागे राहतात आणि संद्रवणात अगोदर द्रवरूप होतात. २०° से. तापमानास पाण्यातील ऑक्सिजन (१८) चे प्रमाण त्याच्याशी समतोल असलेल्या बाष्पातील प्रमाणापेक्षा सु. १० प्रतिसहस्र अधिक असते. वर्षणातील प्रमाण प्रमाणभूत महासागरी पाण्याच्या तुलनेत प्रतिसहस्र फरकाने व्यक्त करतात.

तापमान : बाष्पयुक्त हवा थंड होत जाते, तसतसे जड रेणू वर्षणाबरोबर अधिक प्रमाणात निघून जातात व उरलेले बाष्प हलके होते. म्हणून किनाऱ्यापासून दूर, उंच पर्वतांवर, ध्रुवांकडे व हिवाळ्यात वर्षण हलके असते; अंटार्क्टिकाच्या अंतर्भागातील हिमात हा फरक उणे ५० प्रतिसहस्राच्याही खाली जातो. व्हिली डान्सगार्ड यांनी १९६४ मध्ये दाखविले की, उच्च अक्षांशांत वार्षिक सरासरी तापमान १° से. ने घटले, तर ऑक्सिजन (१८) चे प्रमाण सु. ०.७ प्रतिसहस्र कमी होते.

पर्जन्यमान व आर्द्रता : उष्ण कटिबंधात तापमानापेक्षा पर्जन्यमान अधिक प्रभावी ठरते. मुसळधार पावसाचे पाणी हलके असते; नवी दिल्ली येथे मॉन्सूनचे पाणी मॉन्सूनपूर्व सरींपेक्षा हलके आढळते. ढगाखालील हवा कोरडी असल्यास पडत्या थेंबाचे अंशतः बाष्पीभवन होऊन तो जड होतो. हिमकण घन असल्यामुळे त्यात असा बदल जवळजवळ होत नाही व ढगातील मूळ प्रमाण टिकून राहते.

हार्मन क्रेग यांच्या १९६१ मधील सूत्रानुसार वर्षणातील ड्यूटेरियमाचा फरक हा ऑक्सिजन (१८) च्या फरकाच्या आठपटीत १० मिळवून येतो. ज्या सागरी भागातून बाष्प येते तेथील हवा कोरडी असल्यास या १० ऐवजी मोठी संख्या मिळते. त्यावरून बाष्पाचा उगम अजमावता येतो.

उपयोग व मर्यादा : ध्रुवीय हिमस्तरांतील समस्थानिकांवरून प्राचीन तापमान काढतात. तथापि आजचे प्रमाण गतकाळास जसेच्या तसे लावणे धोक्याचे असते. ग्रीनलंडच्या हिमातील वेधनछिद्रांत खोलवर प्रत्यक्ष मोजलेल्या तापमानांवरून १९९५ मध्ये असे दिसून आले की, हिमयुगातील थंडी समस्थानिकांवरून काढलेल्या अंदाजाच्या सु. दुप्पट होती. हिमयुगात तेथे हिवाळी हिमवर्षाव फार घटल्याने स्तरांत तुलनेने उबदार ऋतूंतील जड हिमच अधिक साठले, हे याचे एक प्रमुख कारण मानतात. म्हणून समस्थानिकांच्या नोंदीवरून निष्कर्ष काढताना तापमानाबरोबरच वर्षणाचा ऋतू व बाष्पाचा उगम हेही विचारात घ्यावे लागतात.