ग्रँड कॅन्यनच्या तळातली रात्र आणि हुबळीचं माहेर

पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी करणाऱ्या सुधा कुलकर्णी एका मित्राकडून पुस्तकं आणून वाचत. पहिल्या पानावर नाव एकच, गाव मात्र बदलतं: कधी पेशावर, कधी इस्तंबूल. हा माणूस आंतरराष्ट्रीय बसचा कंडक्टर आहे की काय, असं त्यांना वाटे. हे त्यांनीच पुढे कितीदा हसत सांगितलं आहे. ती पुस्तकं होती नारायण मूर्तींची.

मूर्ती पॅरिसला शार्ल द गॉल विमानतळाच्या मालवाहतुकीच्या संगणक प्रणालीवर काम करत होते. १९७४ साली तिथून म्हैसूरला निघाले ते मिळेल त्या गाडीला हात करत. युगोस्लाव्हियातल्या निश स्टेशनवर आगगाडीत बसले आणि डब्यातल्या एका मुलीशी फ्रेंचमध्ये बोलू लागले. सोबतच्या मुलाला त्या बोलण्यात सरकारविरोधी वास आला आणि त्याने पोलीस बोलावले. आठ फूट लांब, आठ फूट रुंद खोली. ७२ तास ना अन्न, ना पाणी. मग मालगाडीत गार्डच्या डब्यात बसवून इस्तंबूलच्या दिशेने रवानगी. भारत मित्रदेश आहे म्हणून सोडतो, एवढंच त्यांना सांगण्यात आलं.

१० फेब्रुवारी १९७८ रोजी बंगळूरला मूर्तींच्या घरी दोघांचं लग्न झालं. दोन्हीकडची घरची माणसं तेवढी हजर. खर्च ८०० रुपये, तोही निम्मा-निम्मा. त्यानंतर दोघं अमेरिकेला गेले. मूर्ती कामात होते. ‘तुला फिरायची आवड आहे, तर तू एकटी जाऊन देश बघ,’ असं त्यांनी बायकोला सुचवलं, आणि पाठीवर पिशवी टाकून सुधाताई तीन महिने अमेरिका हिंडल्या.

या जोडप्याच्या सगळ्या हकिकतीत मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. परमुलखात विनाकारण कोठडीत पडणं काय असतं, हे मूर्तींना चार वर्षांपूर्वीच कळलं होतं. असा नवरा काळजीपोटी बायकोला घरात बसवू शकला असता. त्यांनी तिला वाटेला लावलं. आणि अनुभवही तसाच आला. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये पोलिसांनी सुधाताईंना ताब्यात घेतलं. अमली पदार्थांची ने-आण करणारी इटालियन बाई वाटली त्यांना!

सुधाताईंना एकटं राहण्याची सवय मात्र अमेरिकेने लावलेली नव्हती. ती हुबळीच्या विद्यानगरातली. बी.व्ही.बी. अभियांत्रिकी महाविद्यालयात १९६८ साली प्रवेश घेतला तेव्हा मुलगी म्हणून त्या एकट्याच. प्राचार्यांनी तीन अटी घातल्या होत्या: रोज साडीच नेसायची, कॅन्टीनला जायचं नाही, मुलांशी बोलायचं नाही. अशी वर्षं काढलेल्या मुलीला अनोळखी शहरात एकटीने वाट विचारत जाणं फारसं जड गेलं नसावं.

ग्रँड कॅन्यनची रात्र तर डोळ्यांसमोर उभी राहते. काठावरून खाली नदीपर्यंत जवळजवळ दीड किलोमीटरची खोली. उतरणं सोपं, चढणं जिवावरचं. त्यामुळे खाली गेलेला माणूस बहुधा तिथेच मुक्काम करतो. तळाचा काळपट खडक सुमारे १७० कोटी वर्षांचा, आणि भूशास्त्रात त्याचं नाव चक्क ‘विष्णू’. वरच्या सुळक्यांनाही ब्रह्मा, शिव अशी नावं आहेत. त्या तळात एका वृद्ध जोडप्याच्या सोबतीने सुधाताई रात्रभर राहिल्या. इकडे मूर्ती त्यांच्या हॉटेलच्या खोलीत फोन लावत होते. मध्यरात्र झाली तरी कुणी उचलेना. कुणी पळवलं, की जिवाचंच काही बरंवाईट झालं? त्यांच्या पोटात गोळा आला.

परतीचं घर म्हणाल तर आमच्या हुबळी-धारवाडकडे ते ‘तवरमनी’, म्हणजे माहेर. बाई जगात कुठेही असो, पहिलं बाळंतपण तिथेच व्हायचं. घरात डिंकाचे लाडू वळले जातात. त्यांना इथे अंटिन उंडी म्हणतात. कुलकर्ण्यांचं घर तसं सीमेच्या दोन्ही बाजूंचं. सुधाताईंचा जन्म शिग्गावचा, तर धाकटे भाऊ, खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी, जन्मले कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला. त्या काळी मुंबई-पुण्याकडून हुबळीला यायचं तर मिरजेला गाडी बदलावी लागे. सामान उतरवायचं, फलाट ओलांडायचा आणि मीटरगेजच्या बुटक्या डब्यात बसून बेळगाव, लोंढा, धारवाड करत पोचायचं. मिरजेला डबा बदलला की सोबतच्या प्रवाशांच्या बोलण्यात कन्नड मिसळू लागे आणि घर जवळ आल्यासारखं वाटे.

पुढचं इन्फोसिसचं पर्व, १९८१ सालचे ते बायकोच्या साठवणीतले दहा हजार रुपये, सगळ्यांना पाठ आहे. त्याच्या वर्षभर आधीची एक घटना मला जवळची वाटते.

एप्रिल १९८०. सुधाताई हुबळीला माहेरी, मूर्ती मुंबईत. घरी फोन घेण्याची ऐपत नव्हती. अमेरिकेत निदान मध्यरात्री वाजवायला एक घंटा तरी होती. इथे तीही नाही. हुबळीहून निरोप आला तो नरिमन पॉइंटच्या कचेरीत, एका सहकाऱ्याच्या कानावर. त्याने गाडी काढली आणि मूर्तींच्या वांद्र्याच्या घरापर्यंत येऊन दारात सांगितलं: मुलगी झाली.